मला आधीच कळलं होतं!

गुप्तहेरकथा वाचणाऱ्या माणसाला आजवर कोणीही फसवू शकलेलं नाही. निदान फसलेला माणूस मला भेटलेला नाही. कविता कळली नाही हे लोक चारचौघांत सांगतात. अर्थसंकल्प कळला नाही, हे तर अभिमानाने सांगतात. जावई नक्की कसली नोकरी करतो ते कळत नाही, अशी कबुली सासरेसुद्धा देतात. पण खुनी कोण ते शेवटच्या पानापर्यंत कळलं नाही, असं म्हणणारा वाचक अजून जन्माला यायचा आहे.

प्रत्येकाला आधीच कळलेलं असतं. वाद फक्त किती आधी, एवढाच. एकजण शंभरावं पान म्हणतो, की दुसरा लगेच साठावर येतो. तिसरा काही बोलत नाही, नुसता हसतो, म्हणजे त्याला अर्पणपत्रिकेवरूनच कळलेलं असतं.

सर्वांत जास्त लोकांना सर्वांत आधी कळलेलं पुस्तक म्हणजे अ‍ॅगाथा ख्रिस्तीचं ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’. ते १९२६ साली लंडनला प्रसिद्ध झालं. किंग्ज अ‍ॅबट नावाचं इंग्लंडमधलं एक खेडं. तिथले श्रीमंत अ‍ॅक्रॉइडसाहेब एका रात्री अभ्यासिकेत खुर्चीतच मेलेले सापडतात. ट्युनिशियाचा खंजीर खुपसलेला, दार आतून बंद, खिडकी मात्र उघडी. घरात बटलर, सेक्रेटरी, पुतणी, पैशाच्या तंगीत असलेली भावजय, घर सांभाळणारी गंभीर बाई आणि मुक्कामाला आलेला एक शिकारी मेजर. सावत्र मुलगा बेपत्ता. गावातल्या डॉक्टरच्या शेजारी गुप्तहेर हर्क्युल पॉयरो निवृत्त होऊन विलायती दुधी लावत बसलेला. तो दुधी सोडतो आणि खुनी धरतो.

खुनी कोण ते मी इथे सांगणार नाही. ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्या काळजीपोटी नव्हे. ज्यांनी वाचलंय त्यांची सांगायची संधी हुकली, तर ते मला सोडणार नाहीत म्हणून.

मी ते वाचनालयातून आणलं. आत पहिल्याच पानावर शिक्का होता: ‘पुस्तकात खाणाखुणा करू नयेत.’ त्याच्या शेजारी कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘अगदी योग्य.’ पुढे बटलर पार्कर खोलीत आला, तर समासात ‘हाच!’, खाली दोन रेघा. चार पानांनी सेक्रेटरी आला. ‘फार गोड बोलतो. हाच असणार.’ घर सांभाळणाऱ्या बाईंशेजारी: ‘बाई गप्प आहे. लक्ष ठेवणे.’ मेजरच्या नावापुढे एकाने लिहिलं होतं, ‘शिकारी माणूस, खंजीर चालवता येणार.’ त्याखाली हिरव्या शाईत उत्तर होतं: ‘शिकार बंदुकीने करतात. अक्कल!’ पुतणी दिसायला सुंदर आहे, असं लेखिकेने म्हटल्याबरोबर एका हळव्या वाचकाने तिला तिथल्या तिथे निर्दोष सोडून दिलं होतं. भावजयीपाशी फक्त एवढंच: ‘अशी एक आमच्या वरच्या मजल्यावर आहे.’

शंभराव्या पानापर्यंत किंग्ज अ‍ॅबटमधला एकही माणूस अटकेवाचून उरला नव्हता. एका वाचकाने गावच्या पोस्टालाही सोडलं नव्हतं. यांत कोणीतरी खरं नावही लिहिलं असणारच. पण बहुमतापुढे त्या बिचाऱ्याचं काय चालणार?

मी वाचनालयातल्या बाईंकडे गेलो.

“बाई, यात लोकांनी खुन्याचं नाव लिहून ठेवलंय.”

“कोणाचं?”

“सगळ्यांचं.”

“मग तुम्हाला कळलं का, कोण ते?”

“नाही.”

“मग तक्रार कसली?” असं म्हणून त्यांनी दुसऱ्या सभासदाचं कार्ड हातात घेतलं. जाता जाता मी विचारलं, तुम्ही वाचलंय का? तर म्हणाल्या, “गरजच पडली नाही. परत करायला येणारा प्रत्येक जण उभ्या उभ्या सांगून जातो. आजवर निरनिराळी पाच नावं ऐकली.”

घरी वेगळाच धोका होता. माझा मेहुणा. नाव फोडणारा माणूस एक वेळ परवडतो. तो एकदाच फोडतो, आपण एकदाच भांडतो, प्रकरण मिटतं. माझा मेहुणा सज्जन आहे, तो नाव सांगत नाही.

“भाऊजी, कुठवर आलात?”

“नववं प्रकरण.”

“मग मी काही बोलत नाही.”

मी पुढे वाचू लागलो. दहा मिनिटांनी तो पाणी प्यायला उठला. “त्या खुर्चीबद्दल तुम्हाला काही वाटलं का हो?”

“कोणत्या खुर्चीबद्दल?”

“नाही नाही. मी काही बोलत नाही.”

मी मागे जाऊन खुर्ची शोधली. अभ्यासिकेतली एक खुर्ची जागची हलली होती आणि पुन्हा जागेवर गेली होती. तेवढ्यावर मी बरीच पानं काढली. मग तो टेलिफोनबद्दल काही बोलला नाही. मग वेळेबद्दल काही बोलला नाही. रात्री निघताना दारात चपला घालता घालता म्हणाला, “एकच सांगतो. प्रत्येक वाक्य नीट वाचा. प्रत्येक.” त्यानंतर कोणी साधं ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं, तरी मी ते वाक्य तीनदा उलटसुलट वाचू लागलो.

मी वहीही घातली. एका रकान्यात माणूस, दुसऱ्यात हेतू, तिसऱ्यात तो त्या वेळी कुठे होता. हळूहळू माझा संशय पॉयरोवर जाऊ लागला. निवृत्त माणूस, वेळ भरपूर, शिवाय दुधी काही नीट येत नव्हते. मग वाटलं, अ‍ॅक्रॉइडने स्वतःच काही केलं नसेल ना? बायकोने वही वाचून विचारलं, “मागून? स्वतःला?” मी ती ओळ खोडली, पण मनातून नाही.

शेवटचं प्रकरण मी मध्यरात्री वाचलं. बायको दचकून उठली.

“काय झालं?”

“कुठे काय?”

“ओरडलात तुम्ही.”

“छे. मला आधीच कळलं होतं.”

“मग ओरडलात कशाला?”

या प्रश्नाला जगातल्या एकाही गुप्तहेराजवळ उत्तर नाही.

आमचा वाचक कट्टा दर महिन्याला एकेकाच्या घरी भरतो. त्या महिन्यात तो आमच्याकडे होता, म्हणजे मतं त्यांची आणि बटाटेवडे आमचे. चर्चेला सुरुवात बँकेतून निवृत्त झालेल्या साहेबांनी केली. त्यांना सत्तेचाळिसाव्या पानावर कळलं होतं. वकीलसाहेबांनी चष्मा पुसत सांगितलं की आपल्याला एक्कावन्नाव्या पानावर कळलं, पण आपली प्रत मोठ्या टायपाची, तेव्हा हिशेबाने पाहता आपण बरेच आधी. साहेबांनी लगेच दोन्ही प्रती मागवून ओळी मोजायला घेतल्या. तेवढ्यात कोपऱ्यातला एक तरुण म्हणाला, मला ट्रेलर पाहूनच कळलं होतं. कसला ट्रेलर, ते त्याला सांगता येईना, पण तोवर सर्वांत कमी पान त्याच्या नावावर लागलं होतं.

कट्ट्यावर बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेले एक आजोबा आहेत. त्यांना ही कादंबरी कादंबरीच वाटली नाही. “पाठलाग नाही. भुयार नाही. वेषांतर तर नाहीच नाही. नुसती माणसं एकमेकांच्या दिवाणखान्यात बसून बोलताहेत. अहो, एका प्रकरणात तर चौघं पत्ते का काय ते खेळत बसलेत!”

“माजाँग,” साहेब म्हणाले.

“तेच. आमच्या धनंजयने एवढ्या वेळात तीन टोळ्या पकडल्या असत्या. आणि झुंजार असता तर मधे एखादा हिरा तरी चोरीला गेला असता.”

मग वकीलसाहेबांनी मुद्दा मांडला. त्यांना आधी कळलंच होतं, त्यामुळे त्यांची वैयक्तिक हानी झालेली नाही. पण सर्वसामान्य वाचकाच्या वतीने त्यांचं म्हणणं असं, की ही सरळसरळ फसवणूक आहे. वाचक आणि लेखिका यांच्यात एक अलिखित करार असतो, तो तिने मोडला.

हा खटला जुना आहे. पुस्तक आलं तेव्हाच निम्म्या लोकांनी ख्रिस्तीला डोक्यावर घेतलं आणि निम्मे ‘हा खेळ नव्हे, लबाडी’ म्हणून उखडले. एस. एस. व्हॅन डाइन हा अमेरिकन रहस्यकथाकार त्यांत पुढे होता. त्याने १९२८ साली गुप्तहेरकथांसाठी वीस नियमच करून टाकले. पुढच्या वर्षी रॉनल्ड नॉक्स यांनी दहा केले. नॉक्स हे धर्मगुरू, त्यामुळे दहावर थांबले असावेत. एका कथेत एकाहून जास्त गुप्त भुयार नको, असा त्यांचा एक नियम. जुळे भाऊ आणायचे तर वाचकाला आधी कल्पना द्या, असा दुसरा. (अर्नाळकर-आजोबांनी हे ऐकून नॉक्स यांच्या बालपणाबद्दल हळहळ व्यक्त केली.) १९३० साली ब्रिटिश रहस्यकथाकारांनी डिटेक्शन क्लब काढला. तिथे नवा सभासद आला की कवटीवर हात ठेवून शपथ घ्यायचा: माझा गुप्तहेर दैवी साक्षात्काराने, योगायोगाने किंवा मंत्रतंत्राने गुन्हा उकलणार नाही. कवटीचं नाव एरिक. ख्रिस्ती तिथे पहिल्यापासून सभासद आणि पुढे कितीतरी वर्षं अध्यक्ष होती. जिने नियम मोडले म्हणून बोंब झाली, तिलाच लोकांनी नियमांच्या देव्हाऱ्यात बसवलं.

“पण मोडले कुठे?” वकीलसाहेब अचानक म्हणाले. “पुस्तक १९२६चं. नियम २८चे आणि २९चे. फौजदारी कायदा पूर्वलक्षी प्रभावाने लागू होत नाही!” आणि आपण स्वतःविरुद्ध खटला जिंकलो, हे लक्षात आल्यावर त्यांनी वडा घेतला.

मी मधे पडून रहस्यकथा लिहिणाऱ्या डोरोथी सेयर्सचं मत सांगितलं. सेयर्सबाईंचं म्हणणं साधं होतं: संशय घेणं हे वाचकाचं काम, आणि संशय सगळ्यांवर घ्यायचा. त्याने कोणाला सोडलं तर तो त्याचा दोष, लेखिकेचा नव्हे.

“मी तेच केलं,” साहेब म्हणाले. “सगळ्यांवर संशय घेतला. त्यांत तो होताच. म्हणजे मला आधीच कळलं होतं.”

‘मला आधीच’ हा रोग आम जनतेलाच होतो असं नाही. अ‍ॅक्रॉइडची मूळ युक्ती ख्रिस्तीला सुचवली कोणी, यावरही दोन हक्कदार आहेत. एक तिच्या बहिणीचा नवरा जेम्स वॉट्स. दुसरे लॉर्ड माउंटबॅटन, हो, तेच, आपले शेवटचे व्हाइसरॉय. तेव्हा ते आरमारात होते आणि १९२४ साली त्यांनी ख्रिस्तीला पत्र लिहून अशीच एक कल्पना कळवली होती. बऱ्याच वर्षांनी, म्हणजे दरम्यान एक साम्राज्य आवरून झाल्यावर, त्यांनी तिला त्या पत्राची आठवण करून दिली. फाळणीच्या घाईत ज्या गोष्टी राहून गेल्या, त्यांबद्दल त्यांनी कोणाला अशी आठवण करून दिल्याचं ऐकिवात नाही.

पुस्तक आलं त्याच वर्षी डिसेंबरात खुद्द ख्रिस्ती बेपत्ता झाली. गाडी एका उतारावर सोडलेली सापडली, बाई नाहीत. झालं, पुस्तकाबद्दलची मतं बाजूला पडली आणि सगळं इंग्लंड तिच्याबद्दल मत देऊ लागलं. नवऱ्याने मारलं, तळ्यात बुडाली, जाहिरातीसाठी पळाली. शेकडो लोक माळरानं तुडवत होते. सेयर्सबाई जागा बघून आल्या. आणि शेरलॉक होम्सच्या जनकाने, म्हणजे आर्थर कॉनन डॉयल यांनी काय करावं? ठसे? सिगारेटची राख? त्यांनी ख्रिस्तीचा हातमोजा मिळवला आणि आत्म्यांशी बोलणाऱ्या एका माध्यमाकडे दिला. ११ दिवसांनी ती हॅरोगेटच्या एका हॉटेलात मजेत सापडली. नोंदवहीत नाव खोटं होतं आणि आडनाव नवऱ्याच्या प्रेयसीचं. सापडल्यावर किती जणांना ते आधीच कळलं होतं, याची कल्पना आपण करू शकतो.

कंटाळून मत देणारेही हवेतच. ते पद एडमंड विल्सन या अमेरिकन समीक्षकाने भूषवलं. १९४४ साली त्याने ‘न्यूयॉर्कर’मध्ये लिहिलं की लोक रहस्यकथा का वाचतात तेच मला समजत नाही. वाचकांनी रागारागाने पत्रं पाठवली: तुम्ही चुकीची पुस्तकं वाचलीत, ही वाचा. त्याने मुकाट्याने ढीग आणला. सेयर्सबाईंच्या कादंबरीत चर्चच्या घंटा वाजवण्याची सविस्तर माहिती होती, ती सरळ गाळली आणि १९४५च्या जानेवारीत पुन्हा लिहिलं. शीर्षकातच त्याने विचारलं की अ‍ॅक्रॉइडला कोणी का मारेना, पर्वा कोणाला आहे? ज्याला पर्वा नाही, त्याने त्यावर दोन लेख लिहिले.

त्याच्या उलट पियरे बायार. हा फ्रेंच प्राध्यापक आणि मनोविश्लेषक. याला इतकी पर्वा, की १९९८ साली त्याने अख्खं पुस्तक लिहून सिद्ध करायचा प्रयत्न केला की पॉयरोने चुकीचा माणूस धरला, खुनी दुसराच आहे. हे सांगताच आमच्या कट्ट्यावर शांतता पसरली. ७२ वर्षांनी अपील! साहेबांनी सावधपणे विचारलं, “मग त्यांच्या मते कोण?”

मी नाव सांगितलं.

“तेच!” साहेब म्हणाले. “माझा पहिला संशय तिथेच होता.” आणि सत्तेचाळीसवरून ते थेट एकोणिसाव्या पानावर आले.

या सगळ्या गदारोळात माझ्या सासूबाई आत-बाहेर करत होत्या. त्या इंग्रजीच्या शिक्षिका होत्या. रहस्यकथा त्या शेवटच्या प्रकरणापासून सुरू करतात. मी एकदा म्हटलं, “आई, मग मजा काय उरते?” तर म्हणाल्या, “तुम्हाला मजा कोणी केलं यात वाटते. मला कसं लपवलं यात वाटते. पेपर तपासायचा तर उत्तर आधी माहीत नको?” अ‍ॅक्रॉइड त्यांनी असाच शेवटाकडून वाचला आणि मग पहिल्या पानापासून लाल पेन्सिल घेऊन बसल्या. ख्रिस्ती कुठे खोटं बोलते ते शोधायला. एकही जागा सापडली नाही. “एक शब्द खोटा नाही बाईचा. पैकीच्या पैकी,” म्हणाल्या. त्या दिवशी कट्ट्यावर पुस्तकाबद्दल आलेलं हे पहिलं मत. बाकी सगळी मतं ज्याची त्याने स्वतःबद्दल दिली होती.

पॉयरोबद्दल मात्र त्या नाराज होत्या. त्याची पहिली ओळख होते तीच मुळी तो चिडून एक दुधी भिंतीपलीकडे डॉक्टरच्या बागेत भिरकावतो तेव्हा. “भाजी फेकतो म्हणजे काय? शेजाऱ्यांना द्यायची, तर हातात द्यावी.” आणि डॉक्टरची बहीण कॅरोलाइन त्यांची लाडकी. ती घराबाहेर न पडता गावात कोणाच्या घरी काय चाललंय ते सगळं मिळवते. दूधवाला काय म्हणाला, मोलकरीण कोणाशी बोलली. “खरी गुप्तहेर ती. तो टक्कलवाला नव्हे,” सासूबाई म्हणाल्या. वरच्या मजल्यावरच्यांचा फ्लॅट विकला जाणार हे सोसायटीच्या चेअरमनच्या आधी त्यांना कळलं होतं, तेव्हा हे मत अनुभवाचं होतं. मी सांगितलं की ख्रिस्तीलाही तीच फार आवडायची. पुढे तिची दुसरी गुप्तहेर मिस मार्पल आली ती बहुधा या कॅरोलाइनमधूनच, असं तिने स्वतः म्हटलंय. १९२८ साली या कादंबरीचं ‘अ‍ॅलिबी’ नावाचं नाटक झालं, पॉयरोचं काम चार्ल्स लॉटनने केलं. त्यात कॅरोलाइनला काढून तिच्या जागी एक देखणी तरुण मुलगी घातली. ख्रिस्तीला ते मनापासून लागलं.

“नाटक पुरुषाने लिहिलं असेल.”

“हो. मायकेल मॉर्टन. त्याला तर पॉयरोलाही वीस वर्षांनी तरुण करून त्याच्यामागे मुली लावायच्या होत्या. ते ख्रिस्तीने होऊ दिलं नाही.”

“वाटलंच मला,” म्हणून त्या वडे आणायला आत गेल्या.

२०१३ साली ब्रिटनमधल्या रहस्यकथाकारांच्या संघटनेने मतदान घेतलं आणि आजवरची सर्वोत्तम गुन्हेकथा म्हणून याच पुस्तकाला निवडलं. हा निकाल मी कट्ट्यावर वाचून दाखवला. तो सगळ्यांना आधीच माहीत होता.

निघताना पुढच्या महिन्याचं पुस्तक ठरलं: ख्रिस्तीचंच १९३४ सालचं ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’. बर्फात अडकलेली आगगाडी, डब्यात एक खून आणि तऱ्हेतऱ्हेचे प्रवासी. पुस्तक अजून कोणी उघडलंही नव्हतं, पण मागच्या मजकुरावरून मतं सुरू झाली. साहेबांनी सेक्रेटरीवर बोट ठेवलं. वकीलसाहेबांनी कर्नलवर. तरुणाने सरदारीणबाईंवर, आजोबांनी नोकरावर. मी माझा संशय बडबड्या अमेरिकन बाईंवर नोंदवला. कोणी मागे हटेना, आवाज चढले, कोणीतरी पैज लावली. सासूबाईंनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं, सवयीप्रमाणे शेवटचं प्रकरण उघडलं, चष्मा सावरून दोन पानं वाचली आणि पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं.

“या खेपेला उगाच भांडू नका,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांना बरोबर कळलंय.”